नलिनीमॅडम आणि पडद्यावरची सासू

आमच्या संस्थेत चेहरा मोजणारं यंत्र आलं तेव्हा पहिला चेहरा सेक्रेटरीसाहेबांचा मोजायचा असं ठरलं होतं. नारळ फोडून झाला, पेढे वाटून झाले आणि साहेब ऐनवेळी म्हणाले, ‘‘लेडीज फर्स्ट.’’ मग नलिनीमॅडम त्या पांढऱ्या कमानीत हनुवटी टेकवून बसल्या. यंत्राने दोन-चार वेळा उजेड पाडला, थोडा विचार केला आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्यांच्या तोंडाचा नकाशा काढला. डोळ्यांखाली भरणी, कपाळाला इंजेक्शन, गालाला लेसर, हनुवटीला आधार, मानेला दोरे. पडदा भरला तरी यंत्राचं समाधान होईना. हॉलमध्ये हसायची कुणाची छाती नव्हती. मॅडमनी चष्मा लावला, सगळं खालपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘आमच्या कोरेगावच्या घराचं छप्पर उडालं हुतं, तवा बी एवढं काम न्हवतं निघालं.’’

मी तेव्हा त्यांचा विद्यार्थी होतो. त्वचारोगाची पदवी घेऊन झाल्यावर सांगलीच्या त्या संस्थेत सौंदर्योपचारांचा एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करत होतो. सुरकुत्या घालवणं, डाग पुसणं, ओठ फुगवणं, टकलावर केस लावणं असं सगळं त्यात येतं. नलिनीमॅडम आमच्या विभागप्रमुख. या अवघ्या विद्येला त्या ‘डागडुजी’ म्हणायच्या. पहिल्याच तासाला आम्हाला सांगितलं होतं, ‘‘गड्यांनो, तुमी डॉक्टर हाय ते भायेरच्या पाटीवर. हितं आत तुमी गवंडी. मालकाला इचारल्याबिगर भिंतीला हात लावायचा न्हाई.’’

त्यांना शुद्ध बोलता येत नव्हतं असं कुणी समजू नये. परिषदेत त्या इंग्रजीत अर्धा तास बोलत आणि समोरचे बडे डॉक्टर टिपणं काढत. पण ओपीडीत पाऊल टाकलं की कोरेगावची भाषा सुरू. बुटक्या, आवाज मात्र दोन मजले ऐकू जाणारा. पायात रबरी चप्पल, पांढऱ्या केसांची एक वेणी, टेबलावर भडंगाचा पुडा. पुडा म्हणायला पेशंटसाठी असे. एकदा औषध कंपनीच्या एक चकचकीत बाई आल्या आणि मॅडमच्या कपाळावरच्या आठ्यांना फुकट बोटॉक्स देऊ केलं. मॅडमनी आमच्याकडे बोट दाखवलं. ‘‘आन् मग ह्यांच्यावर डोळं कशानं वटारू?’’

अवगुणही सांगायला हवेत, नाहीतर त्याच मला झापतील. मीटिंगला कधी वेळेवर आल्या नाहीत. आम्हाला पेशंटसमोर गाढव म्हणत, आणि वर पेशंटलाच विचारत, ‘‘बरोबर हाय ना वो?’’ दुपारच्या डब्यानंतर लेसरच्या खोलीतल्या पलंगावर डोळ्यांना संरक्षक गॉगल लावून झोपत. एक पेशंट आत डोकावली आणि उपचार चालू आहे असं समजून बाहेर अर्धा तास शांत बसून राहिली. उठल्यावर मॅडमनी तिला सांगितलं, ‘‘लय गुण आला बगा.’’

त्यांची खरी विद्या सुई टोचण्यात नव्हतीच. ती तर आम्हालाही जमू लागली होती. गुरुवारी त्यांचा एक तास असे. त्यात पेशंट आत आला की आमच्यापैकी एकाने त्याच्याशी बोलायचं, आणि मॅडमनी कोपऱ्यात बसून भडंग खायचं. माणूस नेमका कशासाठी आलाय ते आम्हीच बोलून बाहेर काढायला हवं, एवढीच अट. ऐकायला सोपं वाटतं. आम्ही महिनोन्महिने नापास होत होतो.

त्याचं कारण आमचा मुलूख. साताऱ्या-सांगलीकडे दवाखान्यात एकटं कुणी येत नाही. सोबत जाऊ, नणंद, मेव्हणा, शेजारीण, कुणीतरी हवंच. आणि बोलायचं काम सोबतच्याचं. ज्याला दुखतंय तो छताकडे बघत बसतो. त्यात चेहऱ्याचं दुखणं म्हणजे आणखी लाजेचं. नांगरून फुटलेल्या पायांच्या भेगा दाखवायला कुणी लाजत नाही, पण सुरकुती दाखवायची म्हटलं की लोक काय म्हणतील हे आडवं येतं.

औंधकडची एक सासू सुनेला घेऊन आली तो गुरुवार माझ्या वाट्याला आला होता. सुनेच्या गालांवर वांग होते, म्हणजे बाळंतपणानंतर येतात तसे तपकिरी डाग. सासू तोंडावर पदर धरून भराभर सांगत होती. सून गप्प. मी वांगांचा छान इतिहास घेतला, उन्हाचं विचारलं, गोळ्यांचं विचारलं, यंत्राखाली फोटो काढला, मलम सांगितलं. माझ्या मते तास जिंकला होता. मॅडम उठल्या, नर्सला म्हणाल्या, ‘‘पोरीला घेऊन जा, रक्त काढ.’’ सून बाहेर गेली. रक्ताची काहीच गरज नव्हती. मॅडमनी भडंगाचा पुडा सासूपुढे सरकवला.

‘‘आक्का, आता तुमचं सांगा.’’

‘‘माजं काय वो? मी हिला घिऊन आले.’’

‘‘व्हय, आणलंसा की. आता ती गेलीया. बोला.’’

सासूने पदर घट्ट धरला. मॅडम भडंगातले शेंगदाणे निवडून खात बसल्या. मला त्या शांततेचा भयंकर त्रास होत होता. बऱ्याच वेळाने पदर खाली आला. हनुवटीवर राठ केस होते आणि रोज चिमट्याने उपटून उपटून कातडी काळवंडली होती. मुलगा सैन्यात सुभेदार झाला होता. पलटणीत समारंभ होता, आईला स्टेजवर बोलावलं होतं. साहेबांच्या बायकांशेजारी उभं राहून फोटो. गुडघे दुखतात असं सांगून जायचंच नाही, असं तिने ठरवलं होतं. हे सांगताना ती रडली. मॅडमनी पाठीवरून हात वगैरे काही फिरवला नाही. म्हणाल्या, ‘‘मला बी हाईत. आमच्या आईला तर वस्तरा लागला आसता.’’ सासू रडता रडता हसली, आणि पुढच्या आठवड्यापासून लेसर सुरू झालं.

ती समारंभाला गेली. तिथला फोटो तिने मॅडमना आणून दिला, पण मॅडमनी तो ओपीडीत लावला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘‘तिनं एवढं लपवलं, आन् आपुन भिंतीवर लावायचं व्हय रं?’’

आता यंत्राकडे येतो. चेहरा मोजण्याखेरीज त्याला आणखी एक कला अवगत होती. ते पडद्यावर खोटे पेशंट तयार करायचं. विद्यार्थ्याने समोर बसून बोलायचं, पडद्यावरच्या बाईने उत्तरं द्यायची, शेवटी यंत्राने गुण द्यायचे. मॅडम त्याला ‘पाव्हणं’ म्हणत. सेक्रेटरीसाहेबांचा मात्र त्याच्यावर फार जीव. त्यांनी मीटिंगमध्ये सरळ सांगून टाकलं की बोलायचं शिक्षण आता यंत्र देईल. मॅडमचं निवृत्तीचं वय कधीच उलटलं होतं. दरवर्षी मुदतवाढ मिळायची. यंत्र पसंत पडलं तर यंदा मिळणार नव्हती. मॅडम एवढंच म्हणाल्या, ‘‘बाकी सगळं काढून घ्या सायेब. माजा गुरवारचा तास तेवढा ठेवा.’’ साहेब म्हणाले, ‘‘बघू.’’ साहेबांचं ‘बघू’ म्हणजे काय ते शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं.

पण पाव्हण्याची एक अडचण झाली. पडद्यावर पहिली बाई आली आणि म्हणाली, ‘‘नमस्कार डॉक्टर, मला माझ्या त्वचेचा पोत सुधारायचा आहे.’’ आम्ही सगळे मॅडमकडे बघायला लागलो. मॅडमनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘‘ही बाई सांगलीच्या स्टँडवर उतरली तर रिक्षावाला दुप्पट भाडं सांगंल,’’ म्हणाल्या. यंत्राच्या कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला होता, अतिशय सज्जन माणूस. तो म्हणाला, ‘‘मॅडम, इथले पेशंट कसे बोलतात ते कुणीतरी शिकवावं लागेल.’’ आणि सगळ्या संस्थेत ते फक्त एकाच माणसाला येत होतं.

साहेबांनी मॅडमना विनंती केली. मॅडम हो म्हणाल्या. मला राग आला. संध्याकाळी त्या स्कूटरची किल्ली शोधत होत्या तेव्हा मी म्हणालो, ‘‘मॅडम, तुम्ही याला शिकवलंत की तुम्हालाच घरी बसवतील.’’

‘‘मला कळत न्हाई व्हय?’’

‘‘मग?’’

‘‘तुज्यासारखी बेणी दर साली नवी येणार. त्यांनी बोलायचं कुणासंगं? त्या पडद्यासंगं. मग निदान पडदा तरी शाणा करून ठेवते.’’ किल्ली स्कूटरलाच लावलेली होती.

पुढचे दोन महिने आम्ही जे पाहिलं ते तिकीट लावून दाखवायला हवं होतं. मॅडम माईकपुढे बसत, डोक्यावर पदर घेत आणि पेशंट होत. कुणाचं नाव नाही, गाव नाही, पण तीस वर्षांत भेटलेली सगळी माणसं त्यांच्या तोंडून बोलायला लागली. पाय खाजतो म्हणून आलेला, मिशीत चाई पडून मधेच केस गेलेला माजी हवालदार. स्थळ येणार म्हणून आत्याने ओढून आणलेली मुलगी, आणि तिची आत्या. इंजिनिअर प्रश्न विचारी आणि मॅडम त्याला तासभर भलतंच काहीतरी सांगत. ऊस, पाटाचं पाणी, जावयाची बदली. तो बिचारा एकदा म्हणाला, ‘‘मॅडम, पेशंटने तक्रार कधी सांगायची?’’ मॅडम पदराआडून म्हणाल्या, ‘‘तुमी इचारलंसा कुटं?’’

एका मुद्द्यावर मोठं भांडण झालं. यंत्रात एका वेळी एकच पेशंट बसत होता. मॅडम म्हणाल्या दोघं हवीत. इंजिनिअर म्हणाला, तशी सोय नाही. ‘‘मग तुमचं पाव्हणं हितलं न्हवं. त्याला परत न्या.’’ महिनाभराने सोय झाली. पडद्यावर सासू आणि सून शेजारी शेजारी बसल्या आणि मॅडमनी त्या दिवशी इंजिनिअरला स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली.

मग अभ्यासक्रमाला मान्यता देणारी समिती आली. मान्यता यंत्रावरच अवलंबून होती. समितीचे अध्यक्ष मोठ्या शहरातले, मोठ्या दवाखान्याचे, स्वतःच्या चेहऱ्यावर एकही सुरकुती न ठेवलेले डॉक्टर होते. ते म्हणाले, मीच बसतो पेशंटसमोर. पडद्यावर सासू-सून आल्या. सासू बोलत होती, सून गप्प. अध्यक्षांनी सुनेच्या वांगांवर फार सुंदर सल्ला दिला. मधेच सासू विचारी, ‘‘आन् वय झाल्यावर बी काय काय हुतं का वो तोंडाला?’’ अध्यक्ष म्हणाले, ‘‘आजी, तुम्ही जरा थांबा.’’ ती थांबली. पुन्हा विचारलं, पुन्हा त्यांनी थांबवलं. मग पडद्यावरच्या सासूने सुनेला कोपराने ढोसलं. ‘‘चल गं. ह्यास्नी टायम न्हाई.’’ दोघी उठून गेल्या. यंत्राने अध्यक्षांना नापास केलं.

साहेबांचा चेहरा असा झाला की तेवढ्यापुरतं त्यांनाही बोटॉक्स दिल्यासारखं वाटत होतं. ‘‘सर, यंत्रात काहीतरी बिघाड आहे,’’ ते म्हणाले. अध्यक्ष लाल झाले होते. त्यांनी विचारलं, ‘‘माझं काय चुकलं?’’ मागून मॅडमचा आवाज आला, ‘‘तुमी सुनेला बघितलं. आलीवती सासू.’’

अध्यक्षांनी वळून त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, गेली मान्यता. पण तो माणूस आमच्या अंदाजापेक्षा बरा निघाला. पुन्हा खुर्चीत बसला. या वेळी सुनेला बाहेर पाठवलं आणि चुकतमाकत सासूपर्यंत पोचला. पडद्यावरचा पदर खाली आला. जाताना त्याने साहेबांना सांगितलं की असा पेशंट आपण कुठल्याही यंत्रात पाहिलेला नाही आणि हे यंत्र सगळ्या केंद्रांना द्यावं. मान्यता मिळाली. साहेबांनी पेढे मागवले. त्याच आठवड्यात मॅडमना मुदतवाढ नाकारल्याचं कळलं. गुरुवारचा तासही गेला.

निरोप समारंभात शाल झाली, श्रीफळ झालं, साहेबांनी ‘पोकळी’ हा शब्द चारदा वापरला. मॅडम भाषणाला उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘पाव्हण्याला दमात घ्या, लय लाडावून ठिवू नका.’’ आणि बसल्या. नंतर जिन्याजवळ त्या एकट्याच भिंतीला टेकून उभ्या दिसल्या. डोळे पुसत होत्या. मला बघून म्हणाल्या, ‘‘शालीची लोकर गेली रं डोळ्यात.’’ मला फार वाईट वाटलं होतं, आणि ते सांगायचं धाडस त्यांच्यापुढे कधीच कुणाला झालं नाही.

मॅडम कोरेगावला भावाकडे राहायला गेल्या. मी साताऱ्यात दवाखाना थाटला. वर्षभराने एक दिवस साहेबांचा फोन आला. आवाज अगदी पडलेला. ‘‘मॅडमच्या घरी माझ्याबरोबर येता का?’’

झालं होतं असं. नव्या तुकडीची पोरं हुशार. त्यांनी यंत्रातले सगळे पेशंट पाठ करून टाकले. कुठल्या बाईला काय विचारलं की पैकीच्या पैकी मिळतात, ते मोबाइलवर एकमेकांना पाठवलं. यंत्र खूश, पोरं खूश, साहेब खूश. मग खऱ्या ओपीडीत एक सासू-सून आल्या. सुनेच्या तोंडावर खरोखर वाईट वांग होते, आणि सासू खरोखर सोबत म्हणून आली होती. आमच्या पठ्ठ्याने सुनेकडे बघितलंही नाही. तिला रक्त काढायला पाठवून दिलं आणि सासूपुढे झुकून म्हणाला, ‘‘आक्का, आता तुमच्या हनुवटीचं सांगा.’’

त्या बाईची हनुवटी चांगली गुळगुळीत होती. मालक निवृत्त कॅप्टन. ती तिथून उठली ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसली आणि दोन तास हलली नाही. ‘‘माज्या हनुवटीत काय हाय ते सायेब, तुमीच सांगा,’’ असं म्हणत होती. साहेबांना तिच्या हनुवटीकडे बघावंही लागत होतं आणि बघवतही नव्हतं. पुढच्या आठवड्यात कॅप्टन येऊन गेले. त्याबद्दल साहेब काही बोलले नाहीत.

आम्ही गेलो तेव्हा मॅडम अंगणात वाघ्या घेवडा निवडत बसल्या होत्या. मी गोष्ट सांगितली. त्या इतक्या हसल्या की घेवड्याचं सूप मांडीवरून घसरलं. हसू ओसरल्यावर साहेब खुर्चीच्या टोकावर सरकले.

‘‘मॅडम, संस्थेला तुमची गरज आहे.’’

‘‘कोण म्हणून?’’

‘‘नवे पेशंट हवेत. आवाज, बोलणं... मागच्यासारखं. मानधन देऊ.’’

मॅडमनी एक खडा बाजूला टाकला. ‘‘म्हंजे डॉक्टर म्हणून मी म्हातारी झाले, आन् पेशंट म्हणून अजून चालते.’’

साहेब जमिनीकडे बघायला लागले.

‘‘येते,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘पर माईकम्होरं बसायची न्हाई. माज्याम्होरं पोरं बसवा, एकेक करून. दर गुरवारी. मी रोज नवं माणूस हुईन, पाठ कशी करत्यात बघू. तुमचं पाव्हणं कोपऱ्यात बसून काय ऐकायचं ते ऐकू दे.’’

‘‘पण मॅडम,’’ साहेब म्हणाले, ‘‘हा तर तुमचा तासच झाला की.’’

‘‘व्हय.’’

घेवडा निवडायचं काम त्यांनी थांबवलं नव्हतं. साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होतो. शेवटी ते म्हणाले, ‘‘बरं.’’ या वेळी ते ‘बघू’ म्हणाले नाहीत, हे मी नीट ऐकलं.

मध्यंतरी परीक्षेच्या कामाला सांगलीला गेलो होतो. गुरुवार होता. ओपीडीच्या दाराला काच आहे, तिथून आत बघितलं. मॅडम पेशंटच्या खुर्चीत बसल्या होत्या. जुनेर नेसलेलं, खांदे पाडलेले, हात मांडीत. मी त्यांना पाच वर्षं ओळखतो, पण ती बाई मी कधीच पाहिली नव्हती. समोर एक उंच किडकिडीत मुलगा. तो विचारत होता, त्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्याने यंत्राच्या पडद्याकडे बघितलं, कागद चाळले, कपाळ पुसलं. त्याचे प्रश्न संपले. मग त्याने कागद उलटे ठेवले आणि तो नुसता बसून राहिला. मॅडमनी सावकाश मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि त्या बोलायला लागल्या.

काचेतून ऐकू काही येत नव्हतं. त्या पोराचा मला मनापासून हेवा वाटला. तेवढ्यात सेक्रेटरीसाहेब येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. आत डोकावून म्हणाले, ‘‘आज कोण झाल्यात?’’

‘‘साहेब, हळू बोला,’’ मी म्हणालो. ‘‘तास चालू आहे.’’